दोन ऑफर लेटर आली तेव्हा मी सीटीसी सोडून पीएफ-पेन्शनचा हिशोब कसा मांडला

मागच्या वर्षी मे ते ऑगस्ट 2025 या चार महिन्यांत मी नोकरी बदलली आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ इंटरव्ह्यूला नाही गेला, तर निवृत्तीचे पैसे कुठली कंपनी किती आणि कसे देते हे समजून घ्यायला गेला. सविस्तर लिहितेय कारण मला हे सगळं एका जागी सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, तुकड्यातुकड्यात गोळा करावं लागलं.

आधी माझी परिस्थिती. वय 38, राहायला कळव्याला, परचेसमध्ये काम करते. सहा वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत होते, बेसिक (मूळ पगार) महिन्याला 38,000. दोन ऑफर आल्या, एक ऐरोलीतल्या एका आयटी पार्कमधली, सीटीसी (म्हणजे कंपनी वर्षाला माझ्यावर करणार तो एकूण खर्च) 15 लाख, आणि दुसरी महापेची, एमआयडीसीतली जुनी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, सीटीसी 13 लाख 80 हजार. घरी सगळ्यांनी लगेच सांगून टाकलं की 15 घे, त्यात विचार काय करायचा, ऐरोली ठाण्याहून जेमतेम दोन स्टेशन.

मला मात्र बाबांचं डोळ्यासमोर होतं. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात 1979 ला लागले आणि 2012 ला 58 व्या वर्षी रिटायर झाले. तेहतीस वर्षं नोकरी, आणि पीएफची पेन्शन महिन्याला बावीसशे रुपयांच्या आसपास. 2012 ला होती तेवढीच आज आहे, कारण या पेन्शनला महागाई भत्ता नसतो. सुप्रीम कोर्टाचा 2022 चा वाढीव पेन्शनचा निकाल आला तेव्हा बाबा खूप आशेनं कागद घेऊन फिरले, पण सप्टेंबर 2014 च्या आधी रिटायर झालेले आणि तेव्हा पूर्ण पगारावर पेन्शनचा ऑप्शन न दिलेले त्यात बसत नाहीत, म्हणून ते राहिले. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात, मी सोबत जाते, आणि दर वर्षी मनात येतं की माझं काय होणार आहे.

तर पहिला प्रश्न हाच होता, की माझी पेन्शन किती येईल आणि ती कंपनीप्रमाणे बदलते का.

माझा मावसभाऊ नौपाड्यात टॅक्सची कामं करतो. एका रविवारी दोन्ही ऑफर लेटर आणि माझी चालू सॅलरी स्लिप घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं आधी माझीच स्लिप पुढे ओढली आणि विचारलं, "ताई, तुझा पीएफ किती कापतात बघितलंयस का कधी?" स्लिपवर 1,800 लिहिलं होतं. मी म्हटलं बारा टक्के कापतात. तो म्हणाला बारा टक्केच आहेत, पण कशाचे? 38 हजाराचे बारा टक्के 4,560 होतात. हे 1,800 म्हणजे 15,000 चे बारा टक्के. कायद्यानं कंपनीवर 15,000 च्या मर्यादेपर्यंतच बंधन आहे, त्यापुढे द्यायचं की नाही ते कंपनी ठरवते, आणि माझ्या कंपनीनं कमीत कमी तेवढंच ठेवलं होतं. सहा वर्षं मी ती स्लिप बघत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढे त्यानं कागदावर मांडून दाखवलं की कंपनीच्या त्या 1,800 मधले 1,250, म्हणजे 15,000 चे 8.33 टक्के, पेन्शन योजनेत जातात, ईपीएसमध्ये, आणि माझ्या पीएफ खात्यात कंपनीकडून पडतात फक्त 550 रुपये. महिन्याला साडेपाचशे!

आता ऐरोलीवाले पीएफ पूर्ण बेसिकवर देत होते, बेसिक 50,000, म्हणजे 6,000. महापेवाल्यांचं बेसिक 57,500, म्हणजे 6,900. पण गंमत अशी की (गंमत कसली, हाच खरा मुद्दा आहे) पेन्शनमध्ये दोन्हीकडून 1,250 च जाणार, कारण पेन्शन योजनेला 15,000 चीच मर्यादा आहे. म्हणजे पेन्शन कुठेही गेले तरी सारखीच. तिचं सूत्र सोपं आहे, पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले 70. मी खंड न पडता 58 पर्यंत काम केलं तर माझी सर्व्हिस 30 वर्षं, 20 च्या वर झाली म्हणून 2 वर्षं बोनस मिळून 32. पंधरा हजार गुणिले 32 भागिले 70, म्हणजे 6,857 रुपये. एप्रिल 2045 मध्ये महिन्याला 6,857. आज आमच्या घरी किराणा आणि गॅस यातच तेवढे जातात, वीस वर्षांनी त्यात काय येईल? त्या दिवशी मला पक्कं कळलं की ज्याला आपण "पीएफची पेन्शन" म्हणतो तिच्यावर म्हातारपण निघणार नाही, आणि दोन कंपन्यांमधला फरक असलाच तर तो उरलेल्या पैशांत आहे.

म्हणून ईपीएस बिनकामाची आहे असं मात्र म्हणणार नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी जोडीदाराला पेन्शन मिळते, मुलांनाही मिळते, शिवाय पीएफबरोबर विम्याची जी योजना असते तिच्यातून 7 लाखांपर्यंत रक्कम. हे आपण कधी मोजत नाही.

इथे मला माझी एक जुनी चूक सांगायची आहे. माझी पहिली नोकरी 2009 ते 2012, तुर्भ्याला. मुलगी झाली तेव्हा सोडली, आणि ऑफिसमधल्या सगळ्या मुली करतात म्हणून मीही फॉर्म भरून पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून घेतलं, सगळे मिळून साधारण 57 हजार आले आणि खर्च पण झाले. पेन्शनचे पैसे काढले की तेवढी सर्व्हिस पुसली जाते. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची सर्व्हिस जपून ठेवणारा दाखला) घेतलं असतं तर ती तीन वर्षं पुढे जोडली गेली असती, म्हणजे आजच्या मर्यादेनं महिन्याला 643 रुपये जास्त, आयुष्यभर. तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. नोव्हेंबर 2014 ला परत कामाला लागले तेव्हा बेसिक 13,500 होतं म्हणून पेन्शन योजनेत घेतलं तरी, कारण 1 सप्टेंबर 2014 नंतर 15,000 च्या वर बेसिक घेऊन नव्यानं पीएफला लागणाऱ्यांना ईपीएस मिळतच नाही, त्यांचे कंपनीचे पूर्ण बारा टक्के पीएफमध्येच जातात. ऐरोलीच्या एचआरनं नव्या नोकरीत पीएफसाठी भरायचा फॉर्म 11 पाठवला त्यात हाच प्रश्न असतो, आधी ईपीएसचे मेंबर होता का. घाईत "नाही"वर टिक केली की पुढची सगळी वर्षं गडबड. तिथे मी दोनदा बघून "हो" केलं.

पुन्हा तुलनेकडे येते. भावानं एक गोष्ट करायला लावली, दोन्ही सीटीसी फोडून "आत्ता हातात येणारे" आणि "म्हातारपणासाठी बाजूला पडणारे" असे दोन ढीग करायचे. त्यासाठी दोन्ही एचआरना ईमेल केले. ऐरोलीवाल्या मुलानं दुसऱ्या दिवशी एक्सेल पाठवलं. महापेहून तिसऱ्या ईमेलनंतर उत्तर आलं, पण आलं ते चौदा पानी नियमावलीसकट आलं आणि ते वाचून बरंच कळलं.

ऐरोलीच्या 15 लाखांत 1 लाख 50 हजार व्हेरिएबल (कमीजास्त मिळू शकणारा भाग) होते, कंपनीचा पीएफ 72,000 आतच होता, आणि ग्रॅच्युइटीचे 28,860 सुद्धा आतच. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणजे ते पैसे पाच वर्षांच्या आत सोडलं तर माझे नाहीतच, तरी माझ्या पॅकेजमध्ये मोजलेले. मला हे पटत नाही, पण बहुतेक ठिकाणी असंच करतात म्हणे. हे सगळं वजा जाता फिक्स पगार राहिला 12 लाख 49 हजार.

महापेला व्हेरिएबल नाही. ग्रॅच्युइटी सीटीसीच्या बाहेर. पीएफ 82,800 आणि त्याशिवाय सुपरअ‍ॅन्युएशन म्हणून निवृत्तीसाठीचा एक वेगळा फंड, बेसिकच्या 15 टक्के, वर्षाला 1 लाख 3 हजार 500. हातात येणारा ग्रॉस 11 लाख 93 हजार 700. आता टॅक्स बघा. इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये 2025-26 पासून पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत टॅक्स लागत नाही, म्हणजे महापेला शून्य. ऐरोलीला व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर जवळजवळ 82 हजार टॅक्स.

हे सगळं आणि माझा स्वतःचा कापला जाणारा पीएफ वजा करून वर्षाला हातात ऐरोलीचे साधारण 12 लाख 45 हजार, महापेचे 11 लाख 11 हजार. फरक 1 लाख 34 हजार. आणि बाजूला पडणारे, कंपनीचा आणि माझा पीएफ, ग्रॅच्युइटी, सुपरअ‍ॅन्युएशन धरून, ऐरोलीला 1 लाख 73 हजार आणि महापेला 3 लाख 2 हजार. फरक 1 लाख 29 हजार, उलट दिशेनं. म्हणजे सीटीसीत 1 लाख 20 हजारांनी लहान दिसणारी नोकरी प्रत्यक्षात बरोबरीची निघाली, फक्त तिचे पैसे वेगळ्या ढिगात होते. हे आकडे जुळले तेव्हा मी भावाला परत करायला लावले, मला खरंच वाटेना.

आणि माझी चालू कंपनी? तिथे कंपनीचे 550 रुपये महिन्याला. बेसिक अजिबात वाढलं नाही आणि व्याज वीस वर्षं आजचंच 8.25 टक्के राहिलं असं धरलं, दोन्ही गोष्टी तशा राहणार नाहीत पण तुलनेसाठी, तर कंपनीच्या त्या वाट्याचे वीस वर्षांनी सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. ऐरोलीच्या वाट्याचे पावणेअठ्ठावीस लाख. महापेचे तेहतीस लाख. हे तिन्ही "12 टक्के पीएफ"च आहेत!

बाबांचं मत महापे. "अगं, जुनी कंपनी आहे, स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे, अशी माणसं पैसे बुडवत नाहीत." ट्रस्टबद्दल (म्हणजे पीएफचे पैसे सरकारी पीएफऐवजी कंपनीचा ट्रस्टच सांभाळतो) मला आधी भीती होती की कंपनी बुडाली तर काय, पण ट्रस्टला सरकारी पीएफपेक्षा कमी व्याज देता येत नाही आणि कमी पडलं तर कंपनीला भरून द्यावं लागतं, त्यामुळे तो मुद्दा मी सोडला. मला अडलं ते चौदा पानांतल्या नवव्या पानावर. सुपरअ‍ॅन्युएशनचे पैसे तीन वर्षं पूर्ण केली तरच माझे. त्याआधी सोडलं तर ते फंडातच राहणार. आणि रिटायर होताना, ग्रॅच्युइटी मिळत असेल तर एक तृतीयांशच टॅक्स न लागता एकरकमी, बाकीच्याची पेन्शन विकत घ्यायची. मध्ये नोकरी बदलली तर नव्या कंपनीकडे तसा फंड असला पाहिजे, नाहीतर एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) वळवायचं. माझ्या आत्तापर्यंतच्या नोकऱ्या बघितल्या तर पावणेतीन वर्षं, साडेचार वर्षं, सहा वर्षं. तीन वर्षांची अट मी पाळेनच असं छातीठोक सांगू शकत नव्हते, सासूबाईंची तब्येत, मुलीची दहावी, काहीही येऊ शकतं.

नवरा म्हणाला ऐरोली घे आणि फरकाचे पैसे एसआयपीत टाक. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण 2012 ला हातात आलेल्या 57 हजारांचं काय झालं ते मला माहीत आहे. जे हाताशी असतं ते घरात लागतंच, कधी फी, कधी दवाखाना. मला असा पैसा हवा होता ज्याला मला हात लावता येणार नाही.

तेव्हा ऐरोलीच्या एक्सेलमध्ये खाली एक ओळ दिसली, "कॉर्पोरेट एनपीएस, पर्यायी", आणि समोर "नाही" आधीच निवडलेलं. मी एचआरला फोन केला. तो म्हणाला मॅम, कुणी घेत नाही, इन हॅण्ड कमी होतो. मी विचारलं किती टक्के करता येतं, तर नव्या रिजीममध्ये बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत, म्हणजे महिन्याला 7,000, वर्षाला 84,000. हे पैसे कंपनीनं भरले असं धरतात त्यामुळे टॅक्समधून पूर्ण वजा होतात. आपण स्वतः एनपीएसमध्ये टाकले तर नव्या रिजीममध्ये ती सूट नाही, कंपनीमार्फत गेले तरच आहे. म्हणून एक ओळ आणि एक टिक इतकी महत्त्वाची.

रात्री परत हिशोब केला. 84,000 वळवले की टॅक्स जवळपास 82 हजारांवरून 42 हजारांच्या खाली येतो. म्हणजे 84 हजार बाजूला पडतात आणि हातातले कमी होतात फक्त 44 हजार. आता ऐरोलीचे हातात 12 लाख 1 हजार आणि बाजूला 2 लाख 57 हजार. एकूण बेरीज महापेपेक्षा 45 हजारांनी पुढे. व्हेरिएबल 70 टक्केच मिळालं तर? तेही करून बघितलं, तेव्हा टॅक्सच शून्यावर येतो, त्यामुळे एकूण बेरीज तीनेक हजारांनीच खाली. व्हेरिएबल निम्म्याच्याही बरंच खाली आलं तर महापे पुढे जातं. तेवढा धोका मी घ्यायचं ठरवलं.

शिवाय एनपीएसला तीन वर्षांची अट नाही, पहिल्या महिन्यापासून पैसा माझा, नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. पैसा कितीतरी वर्षं अडकतो हे लोकांना वाईट वाटतं, मला तेच हवं होतं. मी घेतलं तेव्हा 60 व्या वर्षी निदान 40 टक्क्यांची पेन्शन विकत घ्यावी लागायची, डिसेंबर 2025 मध्ये खाजगी नोकरदारांसाठी ते 20 टक्क्यांवर आणलं. व्याजाची हमी नाही हे मान्य आहे, म्हणून मी शेअरमध्ये निम्मेच ठेवलेत, पीएफ तर आहेच दुसऱ्या बाजूला.

माझी नणंद जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे, 2005 च्या नोव्हेंबरनंतर लागलेली, जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 च्या संपात सात दिवस बसली होती. तिला सांगितलं मी एनपीएस आपणहून घेतलं तर तिचा चेहराच पडला. मी तिला समजावलं की ताई, तुमच्याकडची जुनी पेन्शन काढून हे दिलं, माझ्याकडे काढून घ्यायला काही नव्हतंच. तिचा राग मला पूर्ण पटतो.

राजीनामा दिल्यावर वागळे इस्टेटच्या कंपनीकडून सहा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली, 38,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 6, म्हणजे 1 लाख 31 हजार 538, वेळेत. ती सरळ एफडीत टाकली.

खरा त्रास झाला तो 2014 ते 2019 च्या नोकरीचा. त्या कंपनीनं माझी सोडल्याची तारीखच भरली नव्हती आणि माझं नाव तिथे माहेरचं, आधारवर सासरचं. त्यामुळे तो पीएफ सहा वर्षं तसाच वेगळा पडून होता. तारीख मी पोर्टलवर स्वतः आधारच्या ओटीपीनं भरली, ते पाच मिनिटांचं काम निघालं. नावाला जॉइंट डिक्लरेशन (कंपनीसोबत करायचा दुरुस्तीचा अर्ज) लागलं, लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं गॅझेट, आणि कंपनीची मंजुरी, ज्यात सात आठवडे गेले. हे मला सोडून चाललं नसतं, कारण पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते आणि माझी दहा वर्षं या दोन नोकऱ्या जोडल्या तरच होतात.

ट्रान्सफर झाल्यावर पासबुक उघडलं तर पेन्शनच्या रकान्यात जुन्या कंपनीचे पैसे आलेच नव्हते, शून्य. रडूच आलं मला. भावाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, पेन्शनचे पैसे ट्रान्सफर होतच नाहीत, सर्व्हिस होते, रक्कम बघू नको, अ‍ॅनेक्श्चर के (ट्रान्सफरचा तपशील असलेला कागद) मागव आणि त्यात सर्व्हिसचे महिने बघ. मागवलं. त्यात नोव्हेंबर 2014 पासूनची तारीख बरोबर आहे.

एक आणखी, नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. आमचं बेसिक सीटीसीच्या 40 टक्के आहे, त्यामुळे आमची फोड बदलणार असं एचआर म्हणतोय. नवीन स्लिप हातात आली की हा सगळा कागद परत काढून बसायचं आहे, आकडे लिहिलेली ती वही मी फ्रिजवर ठेवलीय.